काळी रेघ

बाबांच्या नकाशामागचं कापड विरलं होतं. दिवाळीआधी मांजरपाट आणायला गोल बाजारात गेले, तेव्हा मापासाठी नकाशाच बरोबर नेला.

बाबा रायपूरला पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. नकाशा सर्व्हे ऑफ इंडियाचा, ६४ जी/१२, एक इंचाला एक मैल. ज्या लॅम्ब्टनने १८०२ साली मद्रासजवळ मोजणी सुरू केली, तो १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. ते माझं आजोळ, म्हणून बाबा त्याला गमतीने ‘तुझ्या आजोळचा माणूस’ म्हणत. नकाशा वाचायलाही त्यांनीच शिकवलं : निळी रेघ म्हणजे बारमाही पाणी, काळी म्हणजे पावसाळ्यानंतर आटणारं. ‘काळीला जास्त जप,’ म्हणायचे.

तरी प्लॉट घेताना मी नकाशा उघडला नाही. जमीन सपाट होती, भाव परवडणारा होता. पहिल्याच जुलैत स्वयंपाकघरात घोटाभर पाणी शिरलं. मग पाहिलं तर एक बारीक काळी रेघ आमच्या दारावरून खारून नदीकडे जात होती. आता घर विकायला काढलंय. ‘नकाशा कशाला दाखवायचा?’ असं घरात सगळ्यांचं मत. माझंही तेच होत चाललं होतं.

दुकानात नकाशा पसरला. नाचाच्या पोशाखासाठी कापड घेणारे एक म्हातारे राऊत वाकून बघू लागले. “हमर गाँव कोन मेर हे?” मी बोट ठेवलं. “अउ दइहान?” दइहान म्हणजे गावची गुरं सकाळी जमतात ती मोकळी जागा. ती नकाशात नव्हती. चराईचे हक्क निस्तार पत्रकात लिहिलेले असतात, पण गुरांची रोजची वाट राऊतालाच ठाऊक. तळं दाखवल्यावर त्यांनी तिथून ती वाट बोटाने काढली. बोट काळ्या रेघेपाशी थांबलं. हा नरवा, म्हणाले. पावसाळ्यात इथे गुरं नेत नसू, खूर रुतायचे.

आमचं घर त्यांच्या नखाखाली होतं. मी काही बोलले नाही. दीड मीटर मांजरपाट घेतलं.

कापड काल रात्री खळीने चिकटवलं. रविवारी गिऱ्हाईक येणार आहे. तोवर नकाशा वाळेल. तो बैठकीतल्या टेबलावर उघडाच राहील.