प्रश्न कोणाचा, याची नोंद नको

आम्ही हाडाचे कारकून. बी.कॉम. झाल्यापासून वीस-बावीस वर्षे आवक-जावक रजिस्टर, पावतीपुस्तक आणि खतावणी यांतच गेली. आलेल्या कागदावर तारीख, वेळ आणि नाव टाकल्याशिवाय आमच्या हाताला चैन पडत नाही. या सवयीने आम्हाला एकदा चांगलेच गोत्यात आणले. ती हकिकत आज वाचक बंधू-भगिनींना सांगायची आहे.

आमच्या वस्तीत एक अभ्यासिका आहे. दोन खोल्या, लाकडी बाके, पुस्तकांची चार कपाटे आणि कचेऱ्यांनी काढून टाकलेले, आम्ही मागून आणलेले तीन संगणक. फोर्टातली नोकरी आटोपून लोकलमधून उतरलो की आम्ही थेट तिथे जातो. मुले प्रवेशाचे अर्ज भरतात, शिष्यवृत्तीची माहिती काढतात. आयाबहिणीही येतात. कोणाला रेशनकार्डात नाव घालायचे असते, कोणाला औषधाच्या चिठ्ठीवरचे नाव कशाचे ते पाहायचे असते. घरात एकच मोबाइल, तोही चार जणांत. त्यामुळे अभ्यासिकेतला संगणक हाच अनेकांचा एकांत.

२०२४ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. बारावीला असलेल्या एका मुलीने संध्याकाळी एक प्रश्न शोधला. दुसऱ्या दिवशी त्याच संगणकावर मुलांनी दोन अक्षरे टाइप केली आणि त्या चौकटीत तिचा अख्खा प्रश्न आपोआप उमटला. आदल्या दिवशी तिथे कोण बसले होते, हे सगळ्यांना ठाऊक होते. मुले हसली. मुलगी दप्तर उचलून निघून गेली ती परत आली नाही. तिचा प्रश्न कोणता होता, हे आम्ही इथे लिहिणार नाही. त्यात लाज वाटण्यासारखे काही नव्हते, एवढेच सांगतो.

आम्ही मुलांना रागावलो आणि पुतण्याला बोलावले. तो बी.एस्सी. आय.टी. करतो. त्याने ब्राउझरमधला जुना इतिहास पुसला आणि खिडकी बंद केली की सारे आपोआप पुसले जाईल अशी व्यवस्था केली. आम्ही म्हटले, "झाले ना काम?" तो म्हणाला, "काका, हे इथले पुसले. तिकडचे कोण पुसणार?"

'तिकडचे' म्हणजे काय, ते त्याने त्या रात्री समजावले. सर्च इंजिन आपल्याला फुकट मिळते, कारण त्याचा खर्च जाहिराती भागवतात. जाहिरात योग्य माणसाला दिसावी म्हणून कोण काय विचारतो, याची नोंद ठेवली जाते. आपण खाते उघडून बसलो असू तर नावानिशी. नसलो तर ब्राउझरमध्ये ठेवलेल्या 'कुकी' नावाच्या खुणेवरून आणि आपल्या इंटरनेट लाइनच्या क्रमांकावरून, म्हणजे आयपी पत्त्यावरून. आम्ही म्हटले, "नाव नसेल तर काय बिघडते? नुसता क्रमांकच ना?" तेव्हा त्याने अमेरिकेतली एक हकिकत सांगितली.

२००६ च्या ऑगस्ट महिन्यात तिथल्या एओएल या कंपनीने संशोधकांच्या उपयोगासाठी म्हणून सुमारे साडेसहा लाख ग्राहकांचे तीन महिन्यांतले सुमारे दोन कोटी शोध जाहीर करून टाकले. नावे काढून प्रत्येकाला फक्त क्रमांक दिला होता. तरीही न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी थोड्याच दिवसांत एका क्रमांकामागचे माणूस शोधून काढले. ती जॉर्जिया राज्यातली बासष्ट वर्षांची एक विधवा बाई निघाली. तिने आपल्या गावातल्या बागकामवाल्यांविषयी विचारले होते, आपल्याच आडनावाच्या माणसांविषयी विचारले होते, बोटे बधिर होतात त्याविषयी आणि कुत्र्याच्या खोडीविषयीही विचारले होते. एकेक प्रश्न क्षुल्लक. पण एकत्र ठेवले की घराचा दरवाजा सापडतो. कंपनीने माफी मागितली, तंत्रविभागाच्या प्रमुखांनी पद सोडले. पण यादीच्या प्रती तोवर जगभर पसरल्या होत्या.

ही गोष्ट ऐकून आमची झोप उडाली. माणूस डॉक्टरला जे सांगत नाही, आईला जे विचारत नाही, ते या चौकटीला विचारतो. आमच्या वस्तीतल्या माणसाला तर विचारायला दुसरी जागाही नसते.

पुतण्याने उपाय सुचवला. हंगेरीतल्या आदम टाउबर नावाच्या प्रोग्रामरने २०१४ साली 'सर्क्स' नावाचा एक मोफत प्रोग्राम लोकांसाठी खुला केला. २०२१ साली त्याच्यापासून 'सर्क्स एनजी' ही शाखा निघाली, आणि मूळ सर्क्सचे काम २०२३ साली थांबले. आज चालते ती ही शाखा. ती कोणा एका कंपनीची नाही. जगातले स्वयंसेवक आपापल्या वेळात तिची डागडुजी करतात. तिचा परवाना असा की कोणीही ती घ्यावी, बदलावी, चालवावी; मात्र बदललेली आवृत्ती लोकांना वापरायला दिली तर तिचा आतला मजकूरही मागणाऱ्याला द्यावा लागतो. ही अट आम्हाला फार आवडली.

हे स्वतः सर्च इंजिन नव्हे. कचेरीतल्या शिपायाचे उदाहरण घ्या. दहा जणांनी आपापल्या चिठ्ठ्या शिपायाकडे दिल्या. शिपाई त्या घेऊन चार खिडक्यांवर गेला, चारही ठिकाणची उत्तरे आणली, एकसारखी उत्तरे एकत्र केली, जास्त खिडक्यांनी दिलेले उत्तर वर ठेवले आणि ज्याचे त्याला दिले. खिडकीवरच्या माणसाला फक्त शिपाई दिसतो. चिठ्ठी कोणाची ते कळत नाही. सर्क्स एनजी हेच करते. ब्राउझरची कुकी पुढे जात नाही, जाहिराती मागे येत नाहीत.

आम्ही एका जुन्या संगणकावर लिनक्स बसवून हा शिपाई कामाला लावला. तीन रविवार गेले. त्यातला एक अख्खा रविवार आमच्या चुकीमुळे. या प्रोग्रामची सगळी सेटिंगे एका मजकुराच्या फाइलमध्ये असतात. कोणती ओळ कोणाच्या पोटात येते, हे ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या मोकळ्या जागेवरून ठरते. आम्हाला रकाने सरळ ठेवण्याची सवय, म्हणून आम्ही जागा सोडायला टॅबचे बटण दाबत गेलो. या फाइलला टॅब चालत नाही, स्पेसच लागते. दिसायला दोन्ही सारखेच! प्रोग्राम काही केल्या सुरू होईना. संध्याकाळी पुतण्याने एक नजर टाकली आणि म्हणाला, "काका, हे लेजर नाही."

चालू करणे एक आणि चालू ठेवणे दुसरे. सर्च इंजिनवाले आपल्या पानाची मांडणी बदलतात, की शिपायाला खिडकीच सापडत नाही. २०२५ च्या जानेवारीत गुगलने जावास्क्रिप्ट चालू असल्याशिवाय शोध द्यायचे बंद केले, तेव्हा याच प्रकारची अनेक साधने अडखळली. फक्त गुगलवर अवलंबून असलेल्या 'व्हूगल' या प्रोग्रामच्या तर मुळावरच घाव बसला. आमच्या शिपायाला दुसऱ्या खिडक्या ठाऊक होत्या, म्हणून आमचे निभावले. डकडकगो, ब्रेव्ह, मोजीक, विकिपीडिया अशा अनेक ठिकाणी तो जातो. एखादी खिडकी 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' असे कोडे घालू लागली की तो काही काळ तिथे जाणे बंद करतो. दर रविवारी सकाळी नवी आवृत्ती उतरवून घ्यायची, कोणती खिडकी बंद पडली ते पाहायचे आणि ती यादीतून काढायची, हे आमचे काम ठरून गेले. सहचारिणी म्हणतात, "घरातला नळ गळतो तो दिसत नाही, पण खिडक्या बरोबर मोजता."

२०२५ च्या मे महिन्यात आम्हाला हुरूप आला. वस्तीतल्या लोकांना घरूनही वापरता यावे म्हणून बाहेरून उघडेल अशी सोय केली. त्यासाठी दाराशी 'एन्जिनेक्स' नावाचा दुसरा एक प्रोग्राम बसवला. आठवडाभरात कुठून कुठून यंत्रांची रीघ लागली. माणसे नव्हेत, रात्रंदिवस प्रश्न फेकणारे प्रोग्राम. त्यांच्या पायी आमच्या लाइनला सगळ्या खिडक्यांवर कोडी सुरू झाली. एका प्रवेश अर्जाची मुदत संपायच्या आदल्या रात्री अभ्यासिकेत मुले बसली होती आणि एकही उत्तर येत नव्हते. त्याच रात्री बाहेरचे दार बंद केले. तेव्हापासून ही सोय अभ्यासिकेच्या चार भिंतींत आहे. दाराशी बसवलेला तो प्रोग्राम मात्र काढायचा राहून गेला.

जुलैमध्ये समितीच्या बैठकीत एक वडीलधारे सदस्य म्हणाले, "अहो, मुले काय काय शोधतात ते तुम्हाला कळायलाच हवे. चांगल्यासाठीच म्हणतो." आम्ही छाती पुढे काढून सांगितले, "आबा, इथे काहीच नोंद होत नाही." घरी येताना पुतण्या गप्प होता. दुसऱ्या दिवशी त्याने दाखवले. दाराशी बसवलेला तो प्रोग्राम येणाऱ्या प्रत्येक मागणीची एक ओळ लिहीत होता. कोणत्या संगणकावरून, किती वाजता आणि काय विचारले. मागे मुलांनी तक्रार केली होती की 'मागे जा' बटण दाबले की ब्राउझर 'पुन्हा पाठवू का' असे विचारत बसतो. म्हणून आम्हीच प्रश्न पाठवायची पद्धत बदलली होती. नव्या पद्धतीत प्रश्न थेट पत्त्याच्या ओळीत जात होता आणि तिथून नोंदीत उतरत होता. मागच्या चौदा दिवसांच्या ओळी शाबूत होत्या.

आम्ही ती फाइल उघडली. देवनागरीतले प्रश्न टक्क्याच्या चिन्हांत आणि आकड्यांत गुंडाळलेले होते. पण बहुतेक मुले इंग्रजी अक्षरांत लिहितात. चार ओळी वाचल्या. कोणा मुलाचे नाव त्यांत नव्हते. पण टेबलावर आमचीच हजेरीची वही पडली होती: कोण, किती वाजता, कितव्या संगणकावर. आमच्या सुंदर अक्षरातली! दोन्ही शेजारी ठेवले आणि पाचव्या ओळीला आम्हाला मूल दिसले. त्याच्या वडिलांच्या दारूविषयीचा प्रश्न होता. आम्ही फाइल बंद केली. एओएलच्या क्रमांकामागची बाई शोधायला बातमीदारांना काही दिवस लागले. आम्हाला पाच मिनिटेही लागली नाहीत.

खरे सांगतो, मोह झाला. त्या मुलाला मदत करता येईल, असेही मनात आले. चांगल्यासाठीच! आबांचेही तेच म्हणणे होते. पण ज्याने आम्हाला विचारले नाही, त्याचे उत्तर घेऊन आम्ही त्याच्या दारात उभे राहिलो असतो, तर पुढे वस्तीतल्या एकाही मुलाने त्या संगणकाला खरा प्रश्न विचारला नसता. त्या मुलीला हाकलणारी मुले निदान लहान होती.

नोंदीची फाइल त्याच रात्री कायमची पुसली, लिहिणे बंद केले, प्रश्न पाठवायची जुनी पद्धत परत लावली. पुढच्या बैठकीत आम्ही उभे राहून सांगितले की गेल्या बैठकीत आम्ही जे बोललो ते खोटे ठरले. जाणून नव्हे, पण खोटे. आबा रागावतील असे वाटले होते. ते म्हणाले, "मग हजेरीच्या वहीत संगणकाचा नंबर कशाला लिहिता?" त्या दिवसापासून वहीत फक्त दिवसाची एकूण संख्या लिहितो. एका ताईंनी विचारले, "आणि नको ते बघितले तर?" प्रश्न रास्त होता. अश्लील गोष्टी गाळण्याची सोय प्रोग्राममध्ये आहे. ती कडक करून मुलांना बदलता येणार नाही अशी बंद केली, आणि संगणकाचे पडदे खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीशी, पण मोकळ्या दाराजवळ ठेवले. पाहारा असावा, पण तो दारावर, मनावर नको.

ज्या अभ्यासिकांना असे काही करायचे असेल, त्यांना याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. उत्तरातल्या दुव्यावर टिचकी मारली की त्या संकेतस्थळाला तुम्ही दिसताच. इंटरनेट पुरवणाऱ्याला तुम्ही कुठे गेलात ते बऱ्याच अंशी कळते. एकट्याने घरी चालवले तर शिपाईही एकच आणि चिठ्ठीही एकाचीच. खिडकीवाल्याला लाइनचा क्रमांक दिसतोच. पन्नास जणांनी एका छपराखाली वापरले तरच चिठ्ठ्या एकमेकींत मिसळतात. आणि सर्वांत मोठी मर्यादा म्हणजे तो चालवणारा माणूस. कंपनीवरचा विश्वास काढून तुम्ही तो त्याच्यावर ठेवता. तो माणूस आमच्यासारखा नोंदीची सवय असलेला निघाला तर?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले की खासगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. निकाल मोठा आहे. पण तो आपल्या वस्तीत उतरतो तो अशा एखाद्या फाइलपाशी, जी उघडायची की नाही हे कोणी एक साधा माणूस ठरवतो.

ती मुलगी अजून आलेली नाही. तिची धाकटी बहीण येते. परवा तिने विचारले, "काका, इथे शोधलेले कोणाला दिसते का?" या वेळी आम्ही छाती पुढे काढली नाही. तिला खुर्चीत बसवले, नोंदीची जागा रिकामी असल्याचे उघडून दाखवले, मर्यादाही सांगितल्या. मग आम्ही पाठ फिरवून पुस्तकांच्या कपाटाकडे गेलो. ती बराच वेळ टाइप करत होती.