रात्रीचे पाणी

वसईच्या वाडीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना पाण्याच्या आवाजाचे वावडे नसते. रहाटाची कुरकुर, पाटातून केळीच्या बुंध्याशी पोहोचणारी खळखळ, पुढे रहाट जाऊन इंजिने आली तेव्हाची धडधड, हे सारे ऐकतच आम्ही दोघे लहानाचे मोठे झालो. पाण्याच्या आवाजापायी घरातले एक माणूस आजारी पडेल, असे कोणी सांगितले असते तर आम्ही ते हसण्यावारी नेले असते.

२०१९ च्या एप्रिलमध्ये पप्पा आमच्याकडे फिनिक्सला आले. आमच्यापैकी एकाचे ते वडील, दुसरीचे सासरे. पण पप्पा दोघांचेही. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना अमेरिका दाखवावी म्हणून आम्ही एक जुने मोटरहोम विकत घेतले होते. इकडे त्याला आरव्ही म्हणतात. वाचकहो, ही एक लांबट मोटारगाडीच. पण तिच्या पोटात बिछाने, चूल, न्हाणी, संडास आणि पाण्याची टाकी असा सारा संसार मावतो. पहिला मुक्काम जेथे केला, तेथे तळावरच्या नळाला रबरी नळी जोडण्याची सोय होती. बाहेरच्या दाबाने पाणी आत येत होते, त्यामुळे गाडीतला पंप चालवण्याची वेळच आली नाही.

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावरील मेदर तळावर मात्र अशी जोडणी नाही. टाकी भरून न्यायची आणि गाडीतल्या १२ व्होल्टच्या पंपाने पाणी खेचायचे. पहिल्या रात्री कोणीतरी नळ सोडला आणि पत्र्यावर खडे ओतावेत तशी गाडी थरारली. पंप होता जेवणाच्या बाकाखाली, आणि रात्री त्याच बाकाचा बिछाना करून आमची दोन्ही मुले त्यावर झोपत. धाकटी दचकून उठली, रडली, पुन्हा झोपली. आम्ही हसून विषय सोडला. पप्पा हसले नाहीत, हे तेव्हा आमच्या ध्यानी आले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दरीच्या कठड्याशी उभे असताना पप्पांना भोवळ आली. तो काठ समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० मीटर उंच, हवा कोरडी ठणठणीत. आम्हांला वाटले, उंचीचा त्रास. दवाखान्यात डॉक्टरांनी ओठ पाहिले, जीभ पाहिली आणि विचारले, “हे पाणी किती पितात?” पप्पा म्हणाले, “पुष्कळ.” तेव्हा मोठी मुलगी मध्येच बोलली, “आजोबा दुपारनंतर पाणीच पीत नाहीत. रात्री उठावं लागतं आणि पंप ओरडतो ना!”

आम्ही एकमेकांकडे पाहण्याचेही टाळले. ज्या माणसाने चाळीस वर्षे वाडीला पाणी पाजले, तो नातवंडांची झोप मोडू नये म्हणून स्वतः तहानलेला राहिला होता, आणि तोही आमच्या शेजारी दोन हातांवर.

घरी परतल्यावर आम्ही पंपाच्या मागे लागलो. आधी मूर्खपणा केला: पंपाला जुनी गोधडी गुंडाळली. आवाज तसूभरही कमी झाला नाही, उलट पंप तापू लागला. नवा पंप घेण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात पप्पा बाकाशी बसले, एक तळवा प्लायवूडच्या फळीवर आणि दुसरा नळीवर ठेवला व म्हणाले, “इंजिन नव्हे, फाउंडेशन बोलतंय.” त्यांनी स्क्रू काढायला लावले आणि पंप चालू असतानाच हातात उचलून धरला. ती घरघर एकदम शिलाई मशीनएवढी झाली.

उलगडा सोपा होता. वाडीतले इंजिन काँक्रीटच्या जड कट्ट्यावर बसते. कट्टा हलत नाही, म्हणून बोलतही नाही. येथे पंपातला रबरी पडदा सेकंदाला कितीतरी वेळा मागेपुढे होतो, तो पंप पातळ फळीला घट्ट आवळलेला, आणि फळीखाली पोकळी. घुमटाचे चामडे वाजवावे आणि मडक्याने घुमावे, तसाच हा प्रकार. भरीला कडक प्लॅस्टिकच्या नळ्या जागोजागी लाकडाला टेकलेल्या; त्या थरथर न्हाणीपर्यंत पोहोचवीत.

पंपाखाली आम्ही मऊ रबराचे पाय बसवले आणि स्क्रू रबर दबणार नाही इतपतच फिरवले. आमच्या हाताला आवळण्याची सवय; पप्पा दर वेळी अर्धा फेरा मागे घ्यायला लावत. पंपाच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट लवचीक नळी वळण देऊन जोडली, म्हणजे थरथर तेथेच जिरते. जेथे नळी लाकडातून जाई, तेथे फोमची वेटोळी घातली. पंपाआधीची गाळणी उघडली तर तिच्यात पांढऱ्या प्लॅस्टिकचा कीस! टाकीला भोके पाडताना पडलेला तो कीस वर्षानुवर्षे तेथे अडकून होता. झाकणाचा वायसर चिरलेला होता. तेथून हवा शिरे आणि नळ थुंकल्यासारखा पाणी सोडी. वायसर बदलताच धार सरळ झाली.

तरी एक दुखणे उरलेच. नळ बारीक सोडला की पंप सुरू, बंद, सुरू, बंद. आमच्या पंपाचा स्विच दाब दर चौरस इंचास ४० पौंडांवर उतरला की पंप चालू करी आणि ५५ ला बंद करी. बारीक धारेत ही येरझार सतत चाले. त्यावर उपाय म्हणजे दाब साठवणारी टाकी: आत रबरी पिशवी, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पाणी. पंप पाणी ढकलतो, हवा दबते. नळ सोडला की तीच हवा पाण्याला बाहेर लोटते आणि पंपाला मध्येच जागे व्हावे लागत नाही.

साडेसात लिटरची टाकी घेतली, म्हणजे साडेसात लिटर पाणी पंपाशिवाय मिळेल असा आमचा भ्रम. प्रत्यक्षात ४० ते ५५ च्या दरम्यान सुमारे दीड लिटरच हाती येते. बाकी जागा हवेची. पण रात्री एकदा उठणाऱ्या माणसाला तेवढे पुरते. हवा भरण्यातही चुकलो. नळ बंद ठेवून सायकलच्या पंपाने हवा भरली, तेव्हा दाबमापक पाण्याचाच दाब दाखवीत होता. पंप बंद करून, नळ उघडून, पाण्याचा दाब शून्यावर आणून मगच हवा ३८ पर्यंत भरायची, हे दुसऱ्या शनिवारी उमगले.

सप्टेंबरमध्ये, पप्पा परत निघण्यापूर्वी, आम्ही पुन्हा त्याच तळावर गेलो. रात्री दहानंतर तेथे शांतता पाळावी लागते. बाहेर थंडी, आत मुलांचा संथ श्वास. आम्ही दोघे जागे राहून कान देत होतो. आता गंमत अशी झाली होती की पप्पा उठले की नाहीत, हेच कळेना! आवाज असता तर निदान कळले असते. केव्हातरी आमचा डोळा लागला.

पहाटे पाहिले तर त्यांच्या उशाशी लिटरची बाटली रिकामी होती. पप्पा बाकाच्या कडेला बसून धाकटीच्या अंगावर पांघरूण घालत होते. आम्हांला पाहताच त्यांनी ओठांवर बोट ठेवले आणि बाटली पुढे केली, भरून द्या म्हणून.