टीडीएसचा बहाणा!

‘तुझा रेट काय?’ हा प्रश्न आला की अजूनही माझ्या पोटात गोळा येतो. नेत्यांना अडचणीचे प्रश्न विचारताना काही वाटत नाही, पण स्वतःच्या कामाचे पैसे सांगताना जीभ अडखळते. मास कॉमला सगळं शिकवलं हो, भाव कसा करायचा तेवढंच राहिलं!

२०२० मध्ये लॉकडाउनच्या काळात मी फ्रीलान्सिंग सुरू केलं. नोकऱ्याच नव्हत्या, त्यामुळे ‘स्वतःची बॉस’ वगैरे आपोआपच झाले. ऑगस्टपासून एका कंपनीचं न्यूजलेटर लिहायला लागले. महिना २० हजार. हातात यायचे १८,५००, बाकीचा टीडीएस. करोनामुळे त्या वर्षी सरकारने व्यावसायिक फीवरचा टीडीएस १० टक्क्यांवरून साडेसातवर आणला होता. ३१ मार्च २०२१ ला सवलत संपली आणि पुन्हा १० टक्के सुरू. म्हणजे हातात फक्त १८ हजार.

मला काय, बहाणाच हवा होता! लगेच मेल टाकला, ‘सर, टीडीएस वाढलाय, त्यामुळे रेट २२ हजार करावा लागतोय.’ फटका पाचशेचा आणि वाढ दोन हजारांची. गणित कुणी तपासलंच नाही. सरांचं ‘ओके’ आलं आणि मी मैत्रिणींना पार्टी दिली.

पुढे रिटर्न भरायला सोसायटीतल्या सीए काकांकडे गेले. ही शौर्यकथा ऐकून ते हसायलाच लागले. ‘अगं, टीडीएस म्हणजे खर्च नव्हे, आगाऊ भरलेला टॅक्स. तुझं उत्पन्न पाच लाखांच्या आत, टॅक्स शून्य. सगळे पैसे परत येतील.’ आलेही. आठ महिन्यांचे १२ हजार. पैसे महिनोन्‌महिने अडकतात हे खरं, भाड्याच्या तारखेला ते टोचतंही. पण अडकणं वेगळं आणि बुडणं वेगळं. जो टॅक्स मला लागूच नव्हता, त्याच्या नावावर मी रेट वाढवून घेतला होता. थोडी ओशाळले. पण गप्प बसले.

त्याचा हिशेब चुकता झाला २०२५ मध्ये. फेब्रुवारीच्या बजेटमध्ये निर्मला सीतारामन यांनी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर टॅक्स नाही, असं जाहीर केलं. मी जाम खूश. चार वर्षं रेट २२ हजारांवरच अडकला होता. एप्रिलमध्ये सरांकडे ३० मागितले. उत्तर आलं, ‘अगं, आता तर तुला टॅक्सच नाही! मग वाढ कशाला?’

बोलतीच बंद. माझाच बहाणा माझ्यावर उलटला होता.

मग नवा मेल लिहायला बसले, टॅक्सचं नावही न घेता. एकही डेडलाइन चुकवलेली नाही. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, ताप आला तर त्या दिवसाची कमाई शून्य. लॅपटॉप, इंटरनेट, मेडिक्लेम सगळं स्वतःच्या खिशातून. ‘आणि माझं लिखाण आता पूर्वीपेक्षा खूप चांगलं आहे.’ हे शेवटचं वाक्य तीनदा खोडलं. चौथ्यांदा ठेवलं.

तीन दिवस सामसूम. काम गेलं असंच धरून चालले. या पैशांवर माझं घरभाडं चालतं, त्यामुळे कॉफीसुद्धा घरीच प्यायला लागले! चौथ्या दिवशी सरांचा फोन आला, ‘३० नाही जमणार, २७ देतो. पण काय गं, हे सगळं आधी का नाही सांगितलंस?’

काय सांगणार? तोंडच नव्हतं झालं.

तेव्हा फ्रीलान्सर दोस्तांनो, काकांचा फंडा लक्षात ठेवा. टीडीएस रिटर्न भरून परत मागायचा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली, की जीएसटीची नोंदणी करून तो बिलात वेगळा लावायचा. आणि रेट? तो फक्त आपल्या कामाचा. टॅक्सचे नियम बदलत राहतात, त्यांच्या मागे किती दिवस लपणार?

परवाच एका नव्या क्लायंटने विचारलं, ‘तुझा रेट काय?’ पोटात गोळा आलाच. पण आकडा सांगितला आणि पुढे एक शब्दही बोलले नाही.