तारीख

आमच्या भागात नुसते ‘तारीख आहे’ म्हटले की कुठली, असे कोणी विचारत नाही. तारीख कोर्टाचीच. या तारखा देण्यात माझा जन्म गेला. पण घेणाऱ्याला ती किती लांब पडते, हे मला एका म्हाताऱ्याने शिकवले.

1986 साली एका तालुक्याच्या गावी मी दिवाणी न्यायाधीश म्हणून रुजू झालो. रोज बोर्डावर साठ-सत्तर कामे असत आणि सगळ्यांना वेळ एकच, सकाळी अकरा. माणसे लिंबाखाली बसून राहत. पुकारा होई तो बहुधा पुढची तारीख ऐकण्यापुरता. मी तरुण होतो. कामांपुढे वेळ घालून बोर्ड लावायचे, जुने दावे आधी घ्यायचे आणि फुकट मुदत द्यायची नाही, असे मी ठरवले. शिरस्तेदार गृहस्थ मुरलेले. “बघू या, साहेब,” एवढेच म्हणाले. त्या दोन शब्दांत त्यांची सारी नोकरी होती.

चार महिन्यांत कपाटे हलकी झाली. जिल्ह्याच्या ठिकाणी माझे कौतुक झाले आणि मला ते आवडलेही. खोटे कशाला बोलू?

अशाच एका सोमवारी बांधाचा एक दावा पुकारला. अकरा वर्षांचा जुना. प्रतिवादी हजर, वादी नाही, त्याचा वकील जिल्ह्याला गेलेला. तीनदा पुकारा झाला. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे दावा काढून टाकला, सही केली. साडेअकराही वाजले नव्हते.

पाऊण वाजता म्हातारा दारात उभा. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले, फडक्यात भाकरी. आत येऊन त्याने हात जोडले आणि विचारले, “साहेब, फुडची तारीख कंची?”

सही झालेला हुकूम मला खोडता येत नव्हता. त्याने तीस दिवसांत अर्ज द्यायचा, प्रतिवादीला नोटीस जायची, मग दावा पुन्हा नंबरावर यायचा. या साऱ्याला सात महिने लागले. माझ्या वेगाची ही कमाई.

संध्याकाळी शिरस्तेदार म्हणाले, “त्याच्या गावची पहिली एसटी बारा वाजता पोचते, साहेब. पावसाळ्यात तीही ओढ्याअलीकडेच थांबते.”

दुसऱ्या दिवशी मी शिपायाला स्टँडवर धाडले. गाड्यांचे वेळापत्रक उतरवून आणले आणि ते माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवले. लांबच्या गावांची कामे दुपारनंतर लागू लागली. वकीलमंडळी हसली. हसोत बापडी, गैरहजेरीत जाणारे दावे मात्र कमी झाले.

पुढे बदल्या झाल्या, बढती झाली. 2002 साली मुदती तीनच द्याव्यात असा कायदा अमलात आला. 2007 पासून ई-कोर्टाचा प्रकल्प सुरू झाला. आता प्रत्येक प्रकरणाला सोळा अंकाक्षरांचा क्रमांक असतो, आणि तो दाबला की तारीख घरबसल्या कळते. मला याचा मनापासून आनंद आहे. आमच्या वेळी तेवढ्यासाठी माणसाची एका दिवसाची मजुरी बुडे.

परवा नातीने मोबाईलवर माझे ते पहिले कोर्ट काढून दिले. बांधाचा दावा पुन्हा उभा राहिला आणि माझी बदली झाली. निकाल मला कधी कळलाच नाही. त्याचा नंबर मला अजून पाठ आहे. तो मी तिला सांगितला. तिने दोनदा घालून पाहिला. काही आले नाही.

“आजोबा, हा फार जुना आहे,” ती म्हणाली.