किती उजेड, कसला उजेड
माझ्या समुद्री मत्स्यटाकीतल्या झोआ प्रवाळांची देठं ताणून वर आलीत. उजेड कमी पडतोय. टाकीवरचा जुना एलईडी दिवा आता बदलायलाच हवा. दुकानदार वॉट सांगतात, पण मला हवाय तो प्रवाळापर्यंत प्रत्यक्ष पोचणारा प्रकाश. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. प्रकाशावर अन्न बनवून त्यातलं बरंचसं यजमानालाच देतं. समुद्रात लाल प्रकाश वरच्यावर शोषला जातो, निळा खोलवर उतरतो. म्हणून 400 ते 480 नॅनोमीटरचा पट्टा भक्कम असलेलाच दिवा घेणार. मशरूम प्रवाळाला मंद उजेड मानवतो, ते तळाशीच बरं. नवा दिवा आधी निम्म्या तेजावर ठेवीन, मग आठवड्या-आठवड्यानं वाढवीन. एकदम प्रखर झोत पडला तर प्रवाळ शैवाल गमावून पांढरं पडतं. जीव पाळायचा, तर घाई आपण आवरायची.