छावणीचे व्याकरण

युद्धामुळे किंवा दंगलीमुळे घर सुटलेल्या माणसासाठी मराठीत तीन शब्द रूढ आहेत : निर्वासित, विस्थापित आणि शरणार्थी. पहिल्या दोन शब्दांची घडण कर्मणी आहे. ज्याला वसतीतून बाहेर काढले गेले तो निर्वासित, ज्याला स्थानावरून हलवले गेले तो विस्थापित. कोणी काढले, कोणी हलवले, हे शब्द सांगत नाही. कर्ता पडद्याआड राहतो. तिसऱ्या शब्दात माणूस काही करतो खरा, पण ते काय? तर शरण मागतो. 'विद्यार्थी' या शब्दातलेच 'अर्थी' इथे आहे. विद्येची इच्छा धरणारा आणि आश्रयाची इच्छा धरणारा हे व्याकरणाच्या दृष्टीने सख्खे भाऊ. व्यवहारात मात्र एकाच्या हाती पुस्तक आहे आणि दुसऱ्याच्या हाती रिकामे भांडे.

हा विचार मनात येण्याचे कारण भौगोलिक आहे. मी ठाण्यात वागळे इस्टेटीत राहते आणि मराठी शिकवते. माझ्या वर्गात किसननगरची मुले असतात, तशीच कल्याणपलीकडून लोकलने येणारी उल्हासनगरचीही असतात. पत्ता विचारला की ती सहज सांगतात, 'कॅम्प चार', 'कॅम्प पाच'. छावणी उठून सत्तर-पंचाहत्तर वर्षे लोटली, तरी पत्त्यात ती शिल्लक आहे. आणि ज्यांच्या तोंडी हा शब्द रोज येतो त्यांतल्या पुष्कळांना ती कोणाची छावणी होती, हे ठाऊक नसते.

मुळात ती सैन्याची होती. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी तळ उभारला गेला. सहा हजार सैनिक आणि आणखी तीस हजार माणसे राहू शकतील अशा दोन हजारांहून अधिक बराकी तिथे होत्या. फाळणी झाली, ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि सिंधमधील हिंदूंचा ओघ वाढला. बोटींनी मुंबईला उतरलेली सुमारे ९४ हजार माणसे या बराकींत आली. लष्कराने शिपायांसाठी बांधलेल्या लांबट दालनांत पडदे लावून संसार मांडले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीची पायाभरणी झाली आणि जवळून वाहणाऱ्या नदीवरून तिला 'उल्हासनगर' हे नाव मिळाले. नदीचे नाव म्हणून ते सरळच आहे. पण त्या दिवशी बराकीत बसलेल्या एखाद्या म्हातारीला त्याचा अर्थ कोणी समजावून सांगितला असेल, तर तिला काय वाटले असेल, असा प्रश्न मला पडतो.

महाराष्ट्रातल्या दुसऱ्या एका छावणीची गोष्ट याहून विलक्षण आहे. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले. सोव्हिएत राजवटीने १९४०–४१ मध्ये त्यांना घरांतून उचलून सैबेरिया आणि मध्य आशियाकडे पाठवले होते. तिथून सुटून इराणमार्गे ती कराचीला आणि कराचीहून वळिवड्याला पोहोचली. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, नाटके होत होती. आपल्या भाषेत शिकण्याची सोय हा मदतीचा भाग मानला गेला होता. युद्ध संपल्यावर ती जगभर पांगली आणि रिकाम्या झालेल्या छावणीत सिंधी कुटुंबे वसवली गेली. आज कापडाच्या घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध असलेले गांधीनगर ते हेच. कराची ज्यांच्यासाठी सुटकेचे बंदर ठरले त्यांची जागा, कराची ज्यांना सोडावी लागली त्यांनी घेतली. वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या या छावणीचे स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिले. पोलिश मुलांनी म्हातारपणीही वळिवड्याची आठवण जपली, ती केवळ अन्नासाठी नसावी. छावणीत त्यांना आपल्या भाषेत कविता पाठ करता आली, हेही तिचे कारण असावे.

सिंधी माणसांना ही सोय बव्हंशी स्वतःच करावी लागली. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातून आलेल्या प्राध्यापकांनी १९४८ मध्ये मुंबईत जयहिंद कॉलेज सुरू केले ते दोन खोल्यांत. घर गेलेल्या शिक्षकाने आधी वर्ग शोधावा, ही गोष्ट आपल्या पेशातल्या लोकांनी विसरू नये अशी आहे. याच सुमारास पंजाबी आणि सिंधी निर्वासितांमध्ये एक चौथा शब्द रूढ झाला. आम्हांला शरणार्थी म्हणू नका, आम्ही पुरुषार्थी आहोत, असे ते म्हणू लागले. शेवटचे 'अर्थी' तेच ठेवून त्यांनी फक्त मागण्याची वस्तू बदलली. सरकारी कागदांतल्या तिन्ही शब्दांना निर्वासितांनी दिलेले हे उत्तर मला त्या काळातली एक महत्त्वाची वाङ्मयीन कृती वाटते. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा आपण सगळ्यांनी ऐकलेला विनोदही त्याच जातीचा. हसणाऱ्याला त्यात नकली माल दिसतो. पण बराकीत राहून जगाच्या बाजारपेठेशी बरोबरी करू पाहणाऱ्याची ऐटही त्यात आहे.

तरीही 'पुरुषार्थी' या शब्दाविषयी मला एक शंका आहे. तो ज्यांनी घेतला त्यांना त्याचा अधिकार होता. पण इतरांनी तो उचलला की त्याचा अर्थ पालटतो. 'सिंध्यांनी कोणापुढे हात पसरला नाही' हे वाक्य आपण कौतुकाने म्हणतो, आणि त्याच श्वासात आजच्या एखाद्या छावणीतल्या माणसाला विचारतो, 'मग तुम्ही का पसरता?' ज्यांना उभे राहता आले नाही त्या विधवा, आजारी, वेडे झालेले, एकटे म्हातारे या यशोगाथेतून गळून पडतात. शिवाय 'पुरुषार्थ' या शब्दात पुरुष आहे. घरी पापड लाटून दारोदार विकणाऱ्या स्त्रीचा समावेश त्यात कसा करायचा?

आमच्या इस्टेटीत पासपोर्ट कार्यालय आहे. तिथे अर्ज भरायला निघालेल्या शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांना मी काही वर्षांपूर्वी मदत करत होते. ते लहान वर्कशॉप चालवत. जन्मगाव सख्खर. जन्माचा देश या रकान्यात अशा अर्जदारांसाठी 'अविभाजित भारत' हा पर्याय असतो. त्यांनी तो दोनदा वाचून घेतला आणि म्हणाले, "मॅडम, हा देश चांगला आहे. इथलं तिकीट मिळतं का?" मी हसले, ते हसले नाहीत. पुनर्वसन पूर्ण झालेला हा माणूस होता. घर, धंदा, नातवंडे, सारे काही होते. १९५० आणि १९५४ च्या कायद्यांनी मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे नोंदवून घेतले, भरपाई ठरवली. 'क्लेम' हा इंग्रजी शब्द त्या पिढीच्या घरगुती सिंधीत येऊन बसला. मात्र ज्याचा क्लेम लावता येत नाही असे काहीतरी उरतेच, आणि ते त्या एका प्रश्नात होते.

हे उरलेले नोंदवणे हे साहित्याचे काम. सिंधी लेखकांनी ते केले. साहित्य अकादमी पुरस्काराचे मानकरी मोहन कल्पना उल्हासनगरातच राहिले आणि १९९२ मध्ये तिथेच वारले. सिंधीला १९६७ मध्ये घटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले. पण लिपी अरबी वळणाची की देवनागरी या वादात आणि इंग्रजी शाळांच्या ओढीत नातवंडांना आजोबांची पत्रे वाचता येईनाशी झाली. आणि आम्ही मराठीचे शिक्षक? डोंबिवलीहून तिसऱ्या-चौथ्या स्थानकावर हा लेखक लिहीत होता. माझ्या संपूर्ण विद्यार्थिदशेत त्याचे नाव कोणी उच्चारल्याचे मला आठवत नाही. फाळणी आम्ही मंटोच्या कथांतून शिकलो, म्हणजे लाहोरहून, कल्याणहून नाही.

हा प्रश्न जुन्या काळाचा नाही. २०२४ च्या अखेरीस जगात बळजबरीने घर सोडावे लागलेल्यांची संख्या संयुक्त राष्ट्रांनी १२ कोटी ३२ लाख अशी दिली. मणिपुरात मे २०२३ पासून सुमारे साठ हजार माणसांना घरे सोडावी लागली आणि त्यांतली हजारो मदत छावण्यांत गेली. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही. त्यामुळे सीमेपलीकडून आलेल्याला आपण काय म्हणतो यावर त्याचे बरेच भवितव्य ठरते. तांदूळ, ताडपत्री, औषधे आधी पोहोचली पाहिजेत, याविषयी दुमत नाही. पण छावणीत शाळा कोणत्या भाषेत भरते आणि नोंदवहीत माणसाच्या नावापुढे कोणता शब्द लिहिला जातो, हा प्रश्न नंतरचा नसून त्याच दिवसाचा आहे, असे वळिवडे आणि कल्याण शेजारी ठेवून पाहिल्यावर मला वाटू लागले आहे.

गेली काही वर्षे मी उल्हासनगरच्या विद्यार्थ्यांना एक साधा स्वाध्याय देते. घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीकडून छावणीच्या काळातले दहा शब्द लिहून आणायचे. बराक, सेक्शन, क्लेम, रेशन हे शब्द बहुतेक वह्यांत असतात. 'शरणार्थी' एखाद्याच वहीत सापडतो, आणि तिथेही तो बहुधा दुसऱ्याने मारलेली हाक म्हणून. एका मुलीच्या आजीने दहावा शब्द सांगितला नाही. 'तो सिंधमध्ये राहिला' असे म्हणाली. मुलीने दहाव्या क्रमांकापुढे जागा कोरी सोडली होती. मी तिला पूर्ण गुण दिले. ठाणे-कल्याण परिसरातल्या शिक्षकमित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते, की पुढच्या वर्षी फाळणीवरचे साहित्य शिकवताना उल्हासनगरात लिहिलेली एक तरी सिंधी कथा, अनुवादातून का होईना, वर्गात न्यावी. आणि ती वाचायला कॅम्प चार किंवा पाचचा एखादा विद्यार्थी उभा करावा.