आजोबांची पाइपलाइन

हेगन-पॉइझुलीचं समीकरण आपण सगळ्यांनीच व्हायवासाठी घोकलंय. प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात! म्हणजे दाब तेवढाच ठेवून पाइप निम्मा अरुंद केला, तर प्रवाह थेट सोळाव्या हिश्श्यावर येतो. पण यातला पॉइझुली हा फ्रेंच डॉक्टर होता आणि त्याला कोडं पडलं होतं रक्ताच्या प्रवाहाचं, हे किती जणांना ठाऊक आहे? मला ते आजोबांच्या पायामुळे कळलं.

आजोबा एसटीतले निवृत्त कंडक्टर. उभा जन्म उभ्यानेच काढलेला! पण शंभर पावलं चालले की त्यांच्या पोटरीत गोळा यायला लागला. मग ते दुकानाची पाटी वाचत थांबायचे, दोन मिनिटांत दुखणं गायब. जर्मन भाषेत या दुखण्याला 'दुकानांच्या काचा बघण्याचा आजार' असंच नाव आहे! आजी म्हणायची, "नस धरली असेल." मी पडले कॉन्व्हेंटची, मला 'आर्टरी' माहीत, 'धमनी' हा शब्द डॉक्टरांकडून ऐकला. पुढे अंगठ्याची जखम भरेना. पाय कापावा लागू शकतो, असं डॉक्टर म्हणाले आणि सगळं घर गप्प झालं.

शेवटी बायपास करायचं ठरलं. १९४८ साली पॅरिसमध्ये झाँ कुनलँ या सर्जनने केली होती तीच युक्ती. रोग्याच्याच पायातली शीर काढायची आणि तुंबलेल्या धमनीला वळसा घालून जोडायची. गंमत म्हणजे शिरेत झडपा असतात, अगदी आपल्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसारख्या! म्हणून ती उलटी करून जोडली.

डॉक्टरांनी आशा दाखवली होती फक्त पाय वाचण्याची. तो वाचला, जखमही भरली. पण बाकीचं कुणी सांगितलंच नव्हतं. पूर्वी आजोबा रात्रभर पाय खाटेखाली सोडून बसायचे, कारण आडवं झालं की कळा यायच्या. आता ते झोपतात, त्यामुळे आजीही झोपते! रोज मंडईपर्यंत चालत जातात, म्हणून शुगर आटोक्यात आली. पारावरचे मित्र परत भेटले. घरात सगळ्यांवर ओरडणं थांबलं. आम्ही त्याला म्हातारपणाचा चिडका स्वभाव समजत होतो, ते होतं दुखणं!

अर्थात ऑपरेशनने पाइप बदलला, रोग नाही गेला. हाच रोग हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही असू शकतो. म्हणून गोळ्या चालू आहेत आणि चाळीस वर्षांची बिडी बंद! डॉक्टरांनी बजावलंय, "बिडी ओढलीत तर नवी शीरही तुंबेल."

हॉस्टेलमागच्या टपरीवर 'एकच' म्हणून धूर काढणाऱ्यांनो, चौथा घात लक्षात ठेवा. आणि सुट्टीत घरी गेलात की आजोबांबरोबर एक फेरी मारा. ते दुकानांच्या पाट्या वाचत सारखे थांबत असतील, तर डॉक्टरांकडे न्या.